सात नंबर बोलत नाही

आप्पांना भेटल्यावर "बरे आहात ना?" असं विचारायचं नसतं. "सगळे ऑनलाइन आहेत ना?" असं विचारायचं. मग ते मोबाइल काढतात, चष्मा सावरतात, यादीवरून अंगठा फिरवतात आणि सांगतात, "सात नंबर सोडून सगळे."

निफाडकडची द्राक्षबाग आणि तिच्यात आप्पांनी जागोजागी रोवलेले पांढरे डबे. दर १५ मिनिटांनी डबा जागा होतो, मातीतली ओल, हवेतली आर्द्रता, पान ओलं की कोरडं, एवढं गच्चीवरच्या गेटवेला कळवतो आणि पुन्हा झोपतो. झोपतो म्हणून तर बॅटरी टिकते. "काम झालं की झोपायचं, उगाच जळायचं नाही," आप्पा कौतुकानं सांगतात. काकू आतून म्हणतात, "काम न करता झोपणारेही आहेत घरात."

या डब्यांच्या रेडिओ लहरींना लायसन लागत नाही. "८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ, सरकारनं मोकळं सोडलंय!" हे ते सातबाऱ्यावर नाव चढल्याच्या थाटात सांगतात. पाहुणा नवा असला तर पुढे अमेरिका येते. २००२ साली मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ ग्रेट डक नावाच्या बेटावर बर्कलीच्या संशोधकांनी समुद्रपक्ष्यांच्या बिळांत असेच सेन्सर ठेवले होते. "का? तर माणसानं तिथं सारखं पाऊल टाकू नये, पक्ष्यांना त्रास होऊ नये. जायचंच नाही, घरबसल्या कळलं पाहिजे!" एवढं बोलून आप्पा पायात चपला सरकवतात, कारण सात नंबर गप्प आहे.

मग बॅटरी, पान्हा, लॅपटॉप असा सरंजाम घेऊन वरात बागेत. डबा उघडला की कधी आत मुंग्यांनी संसार थाटलेला, कधी झाकणाला आतून घाम. त्या घामावर उपाय म्हणजे सिलिका जेलच्या पुड्या. नवे बूट घालून येणाऱ्या पाहुण्याला आप्पा पाणी नंतर विचारतात, आधी "खोक्यातली पुडी टाकली नाहीस ना?"

ऑक्टोबर छाटणीनंतर बाग उघडी असते तेव्हा रेंज झकास. मांडव पानांनी भरला की पानातलं पाणी सिग्नल गिळतं. आप्पा बांबू आणतात, अँटेना मांडवाच्या वर चढवतात आणि खालून मोबाइल दाखवतात. "उणे ११८ होता, बघ, उणे १०५ झाला!" उणे जितकं कमी तितकं चांगलं, एवढं मला आता कळतं. बाकी मी मान हलवतो.

एकदा भर दुपारी मोबाइलवर इशारा आला, चार नंबरचं पान सकाळपासून ओलं. पान इतके तास ओलं म्हणजे डाऊनी रोगाला आमंत्रण. आकाशात ढग नाही, दव तर केव्हाच उडालेलं. तरी आप्पांनी फवारणीची तयारी करायला लावली. ट्रॅक्टरवाल्याला निरोप गेला, टाकीत पाणी भरू लागलं. औषध टाकण्याआधी काकू स्वतः बागेत जाऊन आल्या. ठिबक दुरुस्त करताना भिजलेल्या गड्यानं आपलं बनियन पिळून त्या सेन्सरवर वाळत घातलं होतं. सगळे हसले. आप्पा मात्र सेन्सरच्या बाजूनं उभे राहिले. "तो काय खोटं बोलला? ओलं आहे म्हणाला. होतं ना ओलं?"

गेटवेच्या सिमचा रिचार्ज संपून सगळी बाग मुकी झाली, तेव्हा मात्र घरात कुणी हसलं नाही. त्यांचा चेहराच तसा होता.

गंमत अशी की कट्ट्यावर त्यांची टिंगल करणारेच पहाटे फाटकाशी येतात. पान रात्रभर कोरडं राहिलं असेल तर एखादी फवारणी टळते, औषध, डिझेल, मजुरी सगळंच वाचतं, हे आता त्यांनाही उमगलंय. परवा शेजारचे तात्या टाकी भरून, ट्रॅक्टर चालू ठेवूनच आले.

"आप्पा, रात्री पान किती तास ओलं होतं?"

"कुठल्या बाजूचं?"

"माझ्या बांधाकडचं."

आप्पांनी चष्मा सावरला, अंगठा फिरवला आणि घसा खाकरला.

"तिकडं सात नंबर आहे. चहा घे तोवर."

तात्यांनी मुकाट्यानं ट्रॅक्टर बंद केला.