भाऊ, बुश भेटला काय?

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला ‘गाडी कशी चालते?’ असं विचारू नये. ‘काम कुठवर आलं?’ असं विचारावं. मग तो तुम्हाला खुर्ची देतो, आत तोंड करून चहाचं सांगतो, आणि तुमची संध्याकाळ गेली म्हणून समजा.

अशी माणसं अमरावतीत आहेत, अकोल्यात आहेत, खामगाव-परतवाड्याकडेही आहेत. वय साठीच्या अल्याडपल्याड. नोकरी शक्यतो पाटबंधारे किंवा बांधकाम खात्यातली, कारण ‘काम प्रगतिपथावर आहे’ हे वाक्य चेहऱ्यावरची माशी न हलू देता म्हणायला तिथे शिकायला मिळतं. खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. नखांतलं ग्रीस सख्ख्या पुतणीच्या लग्नातही निघालेलं नसतं. दारात एक नवी गाडी असते, पुण्याच्या मुलाने घेऊन दिलेली. ती किल्ली फिरवली की सुरू होते, त्यामुळे तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही नसतं. आणि एक ताडपत्रीखाली असते, ती खरी.

कोणाची ती अम्बॅसडर असते, कोणाची विलीज जीप. जीपवाल्यांना मी या लेखात घेत नाही. जीपचा माल अजून बाजारात मिळतो, त्यामुळे त्या मंडळींच्या स्वभावाला म्हणावी तशी खोली येत नाही. खोली पाहायची तर फियाटवाला पाहावा.

माझ्या नजरेसमोरचे भाऊ अमरावतीत राजापेठेकडे राहतात. गाडी १९७४ ची प्रीमियर पद्मिनी. मिस्त्री मात्र अकोल्याचा. अमरावतीत मिस्त्री नाहीत असं नाही, पण ‘त्यायच्या हाताले कान नाही’ असं भाऊंचं मत आहे. त्यामुळे गाडी एका जिल्ह्यात, तिचा डॉक्टर दुसऱ्या जिल्ह्यात, आणि मध्ये शंभरेक किलोमीटरचा महामार्ग, अशी या संसाराची मांडणी आहे. वहिनी त्या गाडीला ‘तुमची आत्या’ म्हणतात. दवाखान्याचा खर्च सारा आपल्याकडे, अन् नातेवाइकांत कौतुक तिचं.

आत्याचं घराणं भाऊ न विचारता सांगतात. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स, स्थापना १९४४, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. इटलीच्या फियाट कंपनीची ११०० इथे बनू लागली. आधीची ती गोलमटोल ‘डुक्कर फियाट’, मग १९६४ ची डिलाइट, मग थोडे दिवस नाव प्रेसिडेंट आणि १९७४ ला पद्मिनी. इंजिन १०८९ सीसी, गिअर हाताचा. ही वंशावळ ऐकून पाहुणा जांभई देतो तेव्हा भाऊ बॉनेट उघडतात. पाहुण्याला ते चहापेक्षा मोठं आदरातिथ्य वाटावं अशी त्यांची अपेक्षा असते.

खरं दुखणं त्या हाताच्या गिअरचं. दांडी स्टिअरिंगखाली, तिथून लोखंडी सळ्या इंजिनाच्या कडेने खाली गिअरबॉक्सपर्यंत जातात. सळ्यांच्या जोडावर बोराएवढे बुश बसवलेले. बुश झिजला की दांडी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मध्येच कुठेतरी राहते. अडकली म्हणजे अडकली. मग भाऊ गाडी डावीकडे घेतात, शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडतात, बॉनेट वर करून आत हात घालतात आणि सळी चाचपून मोकळी करतात. ‘टक्’ असा आवाज झाला की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं ते निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेतानाही आलं नव्हतं. वहिनी तोपर्यंत आतच, पर्स मांडीवर धरून, सरळ समोर पाहत. बाहेर जायचं ठरलं तरी त्या आधी तयार होत नाहीत. “गाडी सुरू झाली की आवाज द्या, मंग साडी बदलतो मी.”

अडकायचं ठरलेलं ठिकाण मूर्तिजापूर. याला भाऊ योगायोग मानत नाहीत. शकुंतला रेल्वेचं ते जंक्शन. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं. “सत्तर वर्षं वढली राजेहो, अन् माह्या गाडीले तुम्ही म्हातारी म्हनता,” असं ते रस्त्यात जमलेल्या बघ्यांना सुनावतात. बघे धक्का मारायला आलेले असतात, इतिहास ऐकायला नाही, पण वऱ्हाडात दोन्ही कामं एकत्र चालतात.

पूर्वी या सगळ्याला रस्त्याची सबब होती. अमरावती-अकोला रस्ता म्हणजे खड्डेच खड्डे; काहीही तुटलं की ‘रस्त्यानं तुटलं’ म्हणता यायचं. जून २०२२ मध्ये घात झाला. याच महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरी रस्ता टाकून गिनीज बुकात विक्रम झाला. अख्खा जिल्हा फोटो काढत होता, भाऊ मात्र गप्प. रस्ता गुळगुळीत झाला आणि गाडी त्यावरही त्याच ठिकाणी थांबली. विक्रमाबद्दल छेडलं तर म्हणाले, “थे ठीक हाये. त्याईनं पाच दिवसात रस्ता टाकला. माहा पंपाचा डायफ्रॅम दिल्लीहून निघून बारा दिवस झाले, अजून नागपुरातच हाये.”

पंप हे उन्हाळ्याचं प्रकरण. पेट्रोल ओढणारा हा पंप, मिस्त्री लोक त्याला एसी पंप म्हणतात, इंजिनालाच चिकटलेला असतो. अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की पंपातलं पेट्रोल वाफ होऊन बसतं. पंप वाफ ओढत राहतो आणि कार्ब्युरेटर कोरडा. गाडी आचके देते, थांबते. यावर कोणत्याही कंपनीच्या पुस्तकात नसलेला पण हिंदुस्थानभर चालणारा उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. भाऊंच्या डिकीत पाण्याची कॅन आणि जुन्या धोतराचे तुकडे कायम असतात. त्यातही त्यांचा शास्त्रोक्त आग्रह आहे. “काटनच पाह्यजे. पालिस्टरनं ताप उतरत नाही.” कापसाच्या मुलखात जन्म घेतल्याचा एवढा थेट फायदा दुसऱ्या कोणाला झाला नसेल.

अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. जुन्या गाड्यांचं रबर त्याने फुगतं, चिरतं. नळ्या बदला, डायफ्रॅम बदला, सगळं पुन्हा पहिल्यापासून. भाऊंनी आयुष्यात कधी घेतली नाही. “आता गाडीच घेऊन राह्यली, मी काय करू?” असं म्हणतात, आणि यात तक्रारीपेक्षा मोठेपणा जास्त असतो.

आता माल शोधण्याकडे येऊ, कारण हीच या माणसाची खरी नोकरी. मुंबईत कुर्ल्याचं भंगार, चोर बाजारातली मटण स्ट्रीट, दिल्लीत काश्मिरी गेट. ही नावं भाऊ अशा सुरात घेतात की ऐकणाऱ्याला वाटावं चारधाम झाला. मुंबईला ते नातवाच्या बारशाला जातात आणि येताना टेललाइटची काच घेऊन येतात. नातू कसा आहे विचारलं तर “चांगला हाये” म्हणतात. काच कशी मिळाली हे मात्र दुकानदाराच्या जावयापासून सांगतात. ऑक्टोबर २०२३ संपता संपता मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. पेपरांनी अग्रलेख लिहिले, लोकांनी तिच्याबरोबर फोटो काढले, काहींचे डोळे पाणावले. भाऊंनी पेपर घडी करून ठेवला आणि कुर्ल्याच्या भंगारवाल्याला फोन लावला. मुंबई हळहळत होती तेव्हा अमरावतीत एक माणूस दारांची रबरं मोजत होता.

बुश मात्र मिळेना. कुर्ल्यात मिळाले ते वापरलेले, म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घ्यायचं. दिल्लीहून आले ते साईजने वेगळे. शेवटी मिस्त्रीने अकोल्याच्या एमआयडीसीतला टर्नर दाखवला. अकोल्यात डाळमिल आणि जिनिंगच्या मशिनरीचं काम एवढं, की लेथवर बसणाऱ्या माणसाला दुनियेतला कोणताही गोल तुकडा परका वाटत नाही. त्याने झिजलेला बुश दोन बोटांत फिरवून पाहिला, “कायचा हाये?” विचारलं, उत्तराची वाट न बघता नायलॉनची कांडी चकात धरली. पांढरी सालपटं निघायला लागली. व्हर्नियर लावायचा, पुसायचा, पुन्हा केसभर काढायचं. बाजूला डाळमिलचा मालक आपल्या शाफ्टसाठी खोळंबलेला, आणि भाऊ त्याला फियाटची वंशावळ सांगताहेत. बुश झाला. ज्या वस्तूसाठी दोन राज्यं पालथी घातली ती इथे पाऊण तासात, चहासकट, किरकोळ पैशांत. भाऊ खूश व्हायला हवे होते. ते जरा उतरले. आता शोधायचं काय, हा प्रश्न होता.

तो प्रश्न सरकारने सोडवला. पण त्याआधी भाऊंची ‘अपग्रेड’ची वर्षं सांगायला हवीत. डायनॅमो काढून मारुतीचा अल्टरनेटर बसवला. डेल्कोतले पॉइंट-कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन. पुढची सलग सीट काढून दोन बकेट सीट, त्या कोणत्या गाडीच्या हे आजही गुपित आहे. हॅलोजन, म्युझिक सिस्टिम, आणि मध्यंतरी एअर कंडिशनरचाही विचार होता, मिस्त्री हात जोडून म्हणाला, “भाऊ, इंजन गाडी खींचेंगा या एसी?” काढलेला मूळ माल भाऊंनी वाटून टाकला. डायनॅमो तर एका शेतकऱ्याला असाच दिला.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेली बिगरव्यावसायिक गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. जुना नंबर कायम राहतो. अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, आणि पेट्रोल भरणं व देखभाल एवढ्यासाठीच काढता येते. हे शेवटचं कलम भाऊंनी मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांच्या गाडीने आजवर दुसरं काही केलेलंच नाही. बिचारीचं अख्खं चरित्र दिल्लीत बसलेल्या कोण्या सचिवाने गाडी न पाहता लिहिलं होतं.

२०२४ ला आत्या पन्नाशीची झाली आणि ‘मूळ रूप’ हे दोन शब्द भाऊंनी इतके मनावर घेतले की कायद्यानेही घेतले नसतील. अल्टरनेटर नको, डायनॅमोच पाहिजे. पॉइंट-कंडेन्सर पाहिजे. ती सलग सीट पाहिजे. पंचवीस वर्षं घालून जे उतरवलं ते आता एकेक करून परत चढवायचं. त्या शेतकऱ्याकडे गेले तर डायनॅमो त्याच्या पोराने भंगारात घातलेला. शोध पुन्हा सुरू झाला, भाऊंची तब्येत सुधारली, रक्तदाब उतरला असं वहिनीच सांगतात.

मधल्या काळात गाडीला कमाईचा मार्गही निघाला. हल्ली लग्नाआधी फोटो काढायची पद्धत आहे, त्यात जोडप्याला जुनी गाडी लागते. भाऊ पैसे घेत नाहीत, पेट्रोल मात्र टाकायला लावतात. शूटिंग चिखलदऱ्याला ठेवलं तर ते जात नाहीत, घाटात रेडिएटर उकळतो म्हणून. छत्री तलावापर्यंत तयार असतात. तिथे नवरदेव स्टिअरिंगवर हात ठेवून रुबाबात बसतो आणि फोटोच्या चौकटीबाहेर त्याचे तीन मित्र गाडी ढकलत असतात. फोटोत गाडी सुसाट दिसते.

शेवटी दर्यापूरकडच्या एका वाड्यात बंद पडलेली पद्मिनी असल्याची खबर लागली. विकत घ्यायची, तोडायची, माल काढायचा, असा सरळ हिशेब. ट्रॅक्टरने ओढत अकोल्याला आणली. सीटवर कोंबड्यांनी अंडी घातलेली, पण सीट सलग. डायनॅमो जागेवर. मिस्त्रीने खाली वाकून, गिअरच्या सळ्या हलवून, बॅटरी लावून पाहिली. सेल्फ फिरला. तो उठला, हात पुसले. “भाऊ, ये तो अपनीवालीसे अच्छी है. इसको काटना गुनाह होयेंगा.”

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या गाडीकडे. मला वाटलं, आता आत्या कापली जाणार. तसं काही झालं नाही. दोन्ही गाड्यांवर ताडपत्री पडली, आणि दुसऱ्या दिवशी भाऊ टर्नरकडे नायलॉनचे डझनभर बुश सांगायला गेले.

“येवढे?” तो म्हणाला. “दुकान टाकून राह्यले काय भाऊ?”

“नाही बावा. अचलपूरले एक डिलाइट पाह्यली.”