एक बुडबुडा राहिलाय

इंदूरच्या मराठी वस्तीत, रामबागेत म्हणा की लोकमान्यनगरात म्हणा, गल्लीला एक तरी नाना असतातच. नोकरीतून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशात मोजपट्टी, आणि दुसऱ्या कुणी कामाला हात घालायच्या आत तोंडातून निघणारं "थांब, थांब, हात लावू नकोस!"

आमच्या नानांच्या दिवाणखान्याची खिडकी पश्चिमेला. मे महिन्यात चारनंतर त्या खोलीत सोफासुद्धा तापतो. त्यात समोर कुणीतरी तीन मजले चढवले, म्हणजे वरून थेट नानांच्या ताटात नजर. काकूंचं म्हणणं सरळ होतं : पडदा लावा.

"पडदा कोणीही लावतं," म्हणत नाना बाजारात गेले आणि रंगीत काचेची नक्षी असलेल्या फिल्मचा रोल घेऊन आले. "हुकुमचंद शेठांनी इतवारियात अख्खं काच मंदिर उभं केलं. भिंती काचेच्या, छत काचेचं. आपली तर एक खिडकी!"

"शेठजी स्वतः स्टुलावर चढले नव्हते," काकू म्हणाल्या.

पण नानांचा खरा आनंद वेगळाच होता : या फिल्मला गोंद नाही. गोंदाशी त्यांचं जुनं वैर. 2012 साली सुप्रीम कोर्टानं गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली, तेव्हा नानांनी स्वतःच्या गाडीची फिल्म ब्लेडनं खरवडली. फिल्म गेली, गोंद राहिला. पुढची कितीतरी वर्षं त्या मागच्या काचेतून सगळं शहर धुक्यात दिसायचं. म्हणून आता येईल त्याला ते समजावत होते : पीव्हीसी मऊ, काच गुळगुळीत, मधली हवा काढली की आपोआप धरतं. नको असेल तेव्हा सोला, पुन्हा लावा.

मला बोलावलं होतं मदतीला. मदत म्हणजे पाण्याची बाटली धरून उभं राहणं. बाटलीत शाम्पूचे थेंबही नानांनी मोजून टाकले. काच एकदा पुसली, दोनदा पुसली, मग आडव्या उजेडात डोळा लावून तपासली. स्वच्छतेत देशात सलग सात वेळा पहिल्या आलेल्या शहरात धुळीचा एक कण मिळाला, तो नेमका नानांच्या काचेवर. तो बोटावर घेऊन त्यांनी मला असा दाखवला, जणू मीच आणला होता.

मग फिल्म मागच्या कागदापासून सोडवायची वेळ आली. कागद म्हणायचा, पण तोही पारदर्शक प्लॅस्टिकचाच. नखानं निघेना. कोपऱ्याला दोन्हीकडून सेलोटेप चिकटवून उलट्या दिशांना ओढायचं, ही युक्ती नानांना ठाऊक होती. ओढलं, सुटलं, नानांनी मोठ्या दिमाखात चढवलं. चिकटेना. पाणी मारलं, जुन्या एटीएम कार्डाला फडकं गुंडाळून मधून कडेकडे दाबत नेलं. तरी सळकन खाली. "काचच हलक्या प्रतीची," नाना म्हणाले.

"अहो, नक्षी तर सोफ्यावर पडलीय," काकू शांतपणे म्हणाल्या.

नाना अर्धा क्षणच थांबले. "बरोबर. हा ट्रायल होता."

खरी फिल्म मात्र सुरेख बसली, हे कबूल करायला हवं. उन्हं तिरपी झाली तशी फरशीवर लाल-निळी चांदणी पसरली, आणि समोरचे तिन्ही मजले अंधुक झाले. काकूसुद्धा क्षणभर गप्प राहिल्या. एवढ्यात नाना ओरडले, "बुडबुडा!"

उजव्या कोपऱ्यात, मोहरीएवढा. मी म्हटलं, राहू द्या. नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि फिल्म अर्धी सोलली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पडदा एकदा लागला की संपला. नानांसारख्या माणसाला संपणारं काम हवंच कशाला? दरवेळी उलगडून पुन्हा चढवता येईल अशी वस्तू त्यांना सापडली होती. आता घरी कुणीही आलं की पोहे पुढ्यात येण्याआधी खिडकीचं प्रात्यक्षिक होतं. रंगपंचमीला गेरची मिरवणूक बघून रंगात माखलेला भाचा आला, त्यालाही आधी हात धुवायला लावून कोपरा धरायला दिला. कचरागाडीचं गाणं वाजलं की नाना त्या मागच्या पारदर्शक कागदाची गुंडाळी घेऊन बाहेर जातात, हा सुका की प्लॅस्टिक यावर गाडीवाल्याशी चर्चा करतात, आणि "पुढं लागेल" म्हणून गुंडाळी परत घरात आणतात.

काकूंची तक्रार निराळीच. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, कुणाकडे नवा फ्रिज उतरला, काही दिसत नाही. परवा त्यांनी खालचा कोपरा हळूच सोलून डोळा लावला होता. नाना मागून आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "सोललंच आहेस तर पूर्ण सोल. बाटली कुठं ठेवलीस?"