हुशार झाडूचा गुन्हा

आधीच लख्ख असलेली जागा दोन धट्टीकट्टी माणसं घामाघूम होईपर्यंत झाडतात आणि त्याबद्दल ऑलिंपिकचं पदक मिळवतात, असा कर्लिंग हा एकमेव खेळ असावा. घरात हेच काम करणाऱ्याला कुणी चहासुद्धा विचारत नाही.

पण त्या झाडण्याला शास्त्र आहे. खेळाआधी बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक टेंगळं गोठवतात. खेळाडूने नेम धरून सोडलेला जवळपास 20 किलोचा ग्रॅनाइटचा दगड त्या टेंगळांच्या माथ्यावरून घसरत जातो. त्याच्या पुढ्यात जोर लावून घासलं की बर्फाला किंचित ऊब येते, घर्षण घटतं. दगड लांब जातो आणि कमी वळतो. दगडाला मात्र झाडूचा स्पर्श व्हायचा नाही.

कॅनडात पूर्वी काड्यांचे झाडू असत. ते बर्फावर आपटताना त्यांच्याच काड्या गळायच्या. म्हणजे केर करणाराही झाडू, काढणाराही झाडू! एखाद्या काडीला दगड अडखळला की उत्तम नेमाची माती. पुढे केसांचे ब्रश आले, मग केसांच्या जागी कापड आलं, दांडे कार्बन फायबरचे झाले. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

2015 साली मात्र झाडू फारच हुशार झाले. नव्या खरखरीत कापडाने बर्फावर असे ओरखडे उठत, की झाडणारा दगडाला हव्या त्या बाजूला नेऊ लागला. फेकणाऱ्याच्या कौशल्याला मग किंमत काय उरली? गंमत म्हणजे तक्रार खेळाडूंनीच केली. अनेक अव्वल संघांनी असे झाडू वापरणार नाही, असं जाहीर केलं. जिंकायचं साधन हातात असताना ते खाली ठेवणारे खेळाडू मला त्या खेळाहूनही नवलाचे वाटतात. 2016 च्या मे महिन्यात ओंटारिओतल्या केम्पटव्हिल गावी खेळाडू आणि शास्त्रज्ञ झाडू घेऊन जमले, एकेक कापड घासून पाहिलं. त्यानंतर मोठ्या स्पर्धांसाठी सर्वांना एकाच प्रकारचं, कमी करामती नायलॉनचं कापड सक्तीचं झालं.

तेव्हा नवा झाडू घडवायला बसलेल्या अभियंत्यांना एवढीच विनंती: दांडा हलका करा, खेळाडूंचे खांदे वाचवा, पण बर्फाला लागणारं टोक मात्र जरा मठ्ठच राहू द्या.