अमेरिकेत दोन

आमच्या पाळकसाहेबांना "बरे आहात ना?" असं विचारलं, की ते तब्येतीचं सांगत नाहीत, आकडा सांगतात. "सुरतेकडे एकोणचाळीस, पुण्यात चार, आणि..." इथे आवाज प्रार्थनेइतका खाली येतो, "अमेरिकेत दोन!"

नवापूर तालुक्यातली आमची मंडळी लहान. पत्र्याचं चर्च, तीन पंखे, त्यातला एक फिरतो. उपदेश पूर्वी फाटकापर्यंत टिकायचा. पुढे ज्याचं त्याचं घर आणि ज्याची त्याची तूरडाळ. भाच्याने मोबाइलवर पॉडकास्ट लावून दिला आणि साहेबांना कळलं, की आपला शब्द आता फाटकाबाहेरही जातो. तेव्हापासून हा माणूस "प्रिय बंधुभगिनींनो" म्हणत नाही, "जगभरातल्या श्रोत्यांनो" म्हणतो. पहिल्या बाकावरची आजी अजूनही मागे वळून बघते, कोण आलंय म्हणून.

प्रस्तावना ते रात्री गोधडी डोक्यावर घेऊन बोलतात. घुमत नाही म्हणे. त्या वेळात पाळकीणबाईंना कुकर लावायला बंदी. "स्वर्गाचं राज्य जवळ आलंय, पण भात काही येत नाही," असं त्या आम्हाला ओट्यावर सांगतात.

साहेबांचा खरा वैरी मात्र कोंबडा. नवापूर म्हणजे पोल्ट्रीचा तालुका. २००६ साली बर्ड फ्लूने देशभर नाव झालं ते याच कोंबड्यांमुळे. पेत्राने प्रभूला नाकारलं त्या प्रसंगावर साहेब बोलत होते आणि शेजारच्या कोंबड्याने नेमक्या जागी बांग दिली. ऐकणाऱ्यांना वाटलं, काय इफेक्ट टाकलाय! साहेबांनीही नाही म्हटलं नाही. फक्त मार्काच्या शुभवर्तमानात कोंबडा दोनदा आरवतो आणि हा पाचदा आरवला होता. तीन बांगा त्यांनी रात्री बसून कापल्या.

चर्च कमिटीने या पॉडकास्टला हरकत घेतली, तेव्हा साहेब इतिहास घेऊन आले. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं, पण लोकांपर्यंत पोचलं ते कानांवाटे. आणि रेडिओवर चर्चची उपासना पहिल्यांदा गेली २ जानेवारी १९२१ रोजी, अमेरिकेत, पिट्सबर्गहून. तिथल्या मुख्य धर्मगुरूंना या प्रकाराचा भरवसा वाटेना, म्हणून त्यांनी धाकट्या सहकाऱ्याला पुढे केलं. यंत्र सांभाळणाऱ्या दोघांना गायकांचे झगे घातले, लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून. कमिटीला एवढंच पटलं, की झगे शिवण्याचा खर्च नको.

अमेरिकेतल्या दोघांसाठी साहेब दर रविवारी नेमाने प्रार्थना करत. भाचा एकदा म्हणाला, "मामा, ते माणसं नसतील, मशीन असेल. असे आकडे मशीनपण वाढवते." साहेब गप्प झाले. मग म्हणाले, "ऐकते ना? मग तिचंही मन वळेल." प्रार्थना चालू राहिली.

खरा घाव बसला तो सुरतेकडच्या एकोणचाळिसांकडून. ही आमचीच माणसं. दिवाळीनंतर कोयते घेऊन बारडोलीकडे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यापर्यंत पडावावर राहतात. भाच्याने आलेख दाखवला. रेघ उपदेशाच्या तिसऱ्या मिनिटाला कोसळत होती आणि अठ्ठेचाळिसाव्याला उठून उभी राहत होती. तिथे सूचना सुरू होतात: कोण आजारी आहे, कुणाकडे बारसं आहे, कुणाची शेळी सापडली. एकाने तर आमच्या मावची बोलीत निरोपच पाठवला होता: उपदेश चांगला असतो, पण शेळीपासून लावता येईल का?

दोन दिवस साहेब जेवले नाहीत, असं पाळकीणबाई म्हणतात. मी स्वतः त्यांना भजी खाताना पाहिलं, ते असो. तिसऱ्या दिवशी उपाय निघाला. सूचना आता शेवटी नसतात, उपदेशातच पेरलेल्या असतात, आणि कुठे ते आधी सांगत नाहीत.

परवा उधळ्या पुत्राचा दाखला होता. "तो दूर आहे तोच बापाने त्याला पाहिलं," साहेबांचा गळा दाटला, "...मधल्या फळीतल्या काकांचा मोतीबिंदू निघाला, आता त्यांनाही लांबचं दिसतं... आणि बाप धावत सुटला!"

आजी मागे वळून बघत होती.