घंगाळ भरलं!

आमच्या कौंडण्यपूरच्या घराच्या पत्र्याला एक भोक आहे. हे वाक्य माझ्याकडे पाच ठिकाणी लिहिलेलं आहे. मोबाइलमधल्या कामांच्या यादीत, कृषी केंद्रानं फुकट दिलेल्या डायरीत, आरशावर डकवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर, भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’च्या जूनच्या चौकटीत आणि आता इथं. मोबाइल रोज सकाळी साडेनऊला टिंग करतो आणि विचारतो, पत्रा झाला का? मी ‘उद्या’वर बोट ठेवतो. गेल्या दोन महिन्यांत माझ्या हातून नेमानं झालेलं हे एकमेव काम.

मी मूळचा इथला, राहायला अमरावतीत. पोटासाठी भाषांतरं करतो. सध्या हातात एक इंग्रजी पुस्तक आहे, विषय : कामं वेळेवर कशी उरकावीत. ते द्यायला मला अकरा महिने उशीर झाला आहे. प्रकाशक सज्जन माणूस. पहिले सहा महिने फोन करायचा, आता नुसते जोडलेले हात पाठवतो. शहरात चित्त लागत नाही असं कारण काढून मी पावसाच्या तोंडावर सगळी अवजारं घेऊन काकूकडे येऊन राहिलो.

अवजारं बरीच होती. चार रंगांचे पेन, तीन डायऱ्या, चिकटचिठ्ठ्यांचे गठ्ठे, कानात घालायची बोंडं, एक पांढरा फळा आणि मोबाइलमध्ये कामाची आठवण देणारी सहा अ‍ॅप्स. सातवं त्या सहांवर देखरेख करतं. काकूनं पिशव्या मोजल्या आणि म्हणाली, “एवढ्यात तं दुकान निघते बाबू. काम कोन्तं करतं म्हनलं तू?”

चिठ्ठ्या पहिल्याच दिवशी निकालात निघाल्या. पांढऱ्या मातीनं सारवलेल्या भिंतीला त्या चिकटत नाहीत. ‘तातडीचे’ असं लिहिलेली उडून अंगणात गेली आणि शेजारच्या बकरीनं खाल्ली. ते काम तेवढं तातडीनं झालं. आयझेनहॉवरच्या नावानं ओळखली जाणारी चौकटही मी ओसरीवर खडूनं आखून पाहिली. तातडीचं आणि महत्त्वाचं, महत्त्वाचं पण तातडीचं नाही, अशी चार घरं. संध्याकाळी बघतो तर गल्लीतल्या पोरी त्यात टिक्कर-बिल्ला खेळत होत्या. एक पोरगी एका पायावर ‘महत्त्वाचं’ ओलांडून थेट ‘दोन्ही नाही’ या घरात उतरली. मी गेले अकरा महिने तेच करत होतो, फक्त दोन पायांवर.

राहिला टमाटर. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्यानं 1980च्या दशकाच्या अखेरीला स्वयंपाकघरातलं टमाटराच्या आकाराचं गजराचं घड्याळ समोर ठेवून अभ्यास केला. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विसावा. टमाटराला इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणतात, म्हणून ही पोमोदोरो पद्धत. तसलं एक घड्याळ मी ऑनलाइन मागवलं होतं. काकूनं ते दाबून पाहिलं.

“भेदरं हाय का हे?”

“घड्याळ आहे काकू. पंचवीस मिनिटं मोजते.”

“मंग?”

“मग वाजते.”

“मंग?”

“मग मी पाच मिनिटं आराम करतो.”

“आन् आता काय करून राह्यला?”

या प्रश्नावर चिरिल्लोनं काय लिहिलं आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

खरं तर टमाटरासाठी इटलीला जायची गरज नव्हती. आपल्याकडे लग्नात मुहूर्त साधायला घटिकापात्र असायचं. पाण्यानं भरलेल्या घंगाळात तांब्याची छोटी वाटी सोडायची, तिच्या बुडाला बारीक छिद्र. पाणी हळूहळू आत शिरतं, वाटी भरते आणि बुडते. बुडाली की एक घटका झाली, म्हणजे चोवीस मिनिटं. अशा साठ घटका म्हणजे एक अहोरात्र. चिरिल्लोच्या टमाटरात आणि आमच्या घटकेत फरक एका मिनिटाचा, आणि तो आपण लग्नघरातल्या गडबडीच्या नावे सोडून देऊ. भटजींना मात्र एक गोष्ट पक्की ठाऊक होती. भोक असल्याशिवाय वेळ मोजता येत नाही.

कामं उरकण्याच्या विद्येत या गावाला कोणी शिकवावं असं नाहीच. विदर्भाची ही जुनी राजधानी, भीष्मकाची, आणि रुक्मिणीचं हे माहेर. रुक्मिणीनं श्रीकृष्णाला धाडलेला निरोप भागवताच्या दशम स्कंधात आहे. अवघे सात श्लोक. मी तो भाषांतरकाराच्या नजरेनं वाचला आणि हेवा वाटला. सुरुवातीला थोडं कौतुक, ते कोणाही कामाच्या पत्रात लागतंच. मग थेट मुद्दा. लग्न उद्यावर आलंय, गुपचूप या. कुठं, तर आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनाला नवरी गावाबाहेर अंबिकेच्या देवळात जाते, तिथं. तिथंच का, तर राजवाड्यातून न्यायचं म्हटलं तर माझे नातलग मारले जातील. आणि नाही आलात तर? तर व्रतं करून जीव देईन, मग शंभर जन्म लागोत. काम, जागा, वेळ, अडचण, तोडगा आणि न झाल्यास काय, सगळं सात श्लोकांत. माझ्या हातातल्या इंग्रजी पुस्तकाला एवढंच सांगायला तीनशे पानं लागली आहेत.

(ते अंबिकेचं देऊळ कोणतं, यावर वाद आहे. अमरावतीकर म्हणतात ती आमची अंबादेवी, आणि तिथून इथवर भुयार असल्याचंही सांगतात. कौंडण्यपूरचे म्हणतात, देवी आमच्याच शिवारातली. मी ज्या गावात जेवतो त्या गावाच्या बाजूनं असतो.)

निरोप घेऊन ब्राह्मण द्वारकेला गेला. मराठी परंपरेत त्याचं नाव सुदेव. निळ्या खुणा नाहीत, ‘पोहोचलं’ नाही, ‘वाचलं’ नाही. पोरगी इकडे झुरते आहे आणि उजाडलं तरी सुदेवाचा पत्ता नाही. तेवढ्यात तिची डावी मांडी, डावा बाहू आणि डावा डोळा स्फुरू लागला, असं भागवत सांगतं. म्हणजे आवाज बंद, कंपन चालू. पाठोपाठ सुदेव दारात. श्रीकृष्ण रथ जोडून एका रात्रीत विदर्भात येऊन थडकलेही होते.

आता दुसऱ्या बाजूचं नियोजन पाहा. नवरदेव शिशुपालाची तयारी चोख होती. वरात आली होती, सोबतीला जरासंध, शाल्व, दंतवक्र आणि त्यांच्या फौजा. यादीतल्या सगळ्या कामांवर खूण झालेली, फक्त नवरी राहिली. रुक्मिणीच्या भावानं, रुक्मीनं, तर चारचौघांत प्रतिज्ञाच केली. कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात, म्हणजे इथं, पाऊल ठेवणार नाही. परत फिरला तो अर्धी मिशी गमावून. काम झालं नाही आणि यादीतून खोडताही येईना, तेव्हा त्यानं भोजकट नावाचं नवं नगर वसवलं आणि तिथंच राहिला. भातकुली म्हणजे ते भोजकट, असं आमच्याकडे मानतात. काम राहिलं की पत्ता बदलायचा, ही पद्धत रुक्मीची. मी अमरावतीहून इकडे आलो तो त्याच पद्धतीनं, फक्त उलट्या दिशेनं.

काकूची पद्धत पदराची. काही लक्षात ठेवायचं असलं की पदराच्या टोकाला गाठ. एका गुरुवारी मी मोजल्या तर तीन गाठी होत्या.

“ही कशाची?”

“तुरीच्या बियाची.”

“आणि ही?”

“थे गॅसवाल्याले सांगाचं हाय.”

“तिसरी?”

काकूनं तिसरी गाठ बराच वेळ चिमटीत धरली. “हे कायची हाय थे नाही आठवत बाप्पा. पन सोडाची नाही. कोनाचं तरी काम असन.”

तिसऱ्या गाठीवर मी दुपारभर विचार केला. काकूच्या प्रत्येक गाठीच्या पलीकडे कोणी ना कोणी उभं असतं, गॅसवाला, तूर पेरणारा माणूस, नाव न आठवणारा का होईना. माझ्या सहाही अ‍ॅप्सच्या पलीकडे मीच आहे. मीच लिहितो, मीच मला आठवण देतो, आणि मी सांगितलेलं मी आजवर कधी ऐकलं आहे?

इथल्या रुक्मिणीच्या पालखीचं बघा. संत सदाराम महाराजांनी 1594 साली सुरू केलेली वारी. वर्धेच्या काठावरून निघायचं ते महिनाभराहून जास्त चालत पंढरपूर गाठायचं, आणि तेही आषाढीच्या आत. एकादशी मुदतवाढ देत नाही. जिथं पालखी टेकते तिथं पिठलं-भाकर करून कोणीतरी बसलेलं असतं, आणि जाणाऱ्याला ते ठाऊक असतं. करोनाच्या काळात, 2021 साली, पालखी एस.टी.नं गेली, पण गेली. चारशे वर्षांत कोणी त्या पालखीला सकाळी साडेनऊला टिंग केल्याचं ऐकिवात नाही.

मग जुलैत झड लागली. तीन दिवस, तीन रात्री. वीज गेली, मोबाइल मेला, पाठोपाठ लॅपटॉप. पत्र्याचं भोक नेमकं माझ्या टेबलाशेजारी. काकूनं माळ्यावरून लग्नातलं तांब्याचं घंगाळ काढलं आणि भोकाखाली ठेवलं. रिकाम्या घंगाळात थेंब टण्‌ टण्‌ वाजतो. पाणी चढलं की टप्‌ टप्‌. काठाशी आलं की आवाज जवळजवळ बंद. काकू स्वयंपाकघरात भाकरी थापत तो आवाज ऐकत असायची, आणि बरोबर त्या वेळी हाक यायची, “बाबू, भरलं!”

मी उठायचो, घंगाळ अंगणात ओतायचो, परत बसायचो. दुसरं काही करायला नव्हतंच म्हणून कृषी केंद्राची डायरी काढली. पत्र्याचं ते एक वाक्य सोडलं तर 3 जानेवारीनंतर ती कोरी होती. पेननं भाषांतर सुरू केलं. एक घंगाळ, दीड पान. जोरात पाऊस असला की घंगाळ लवकर भरायचं आणि पान अर्ध्यावर राहायचं. रिमझिम असली की दोन पानं. उठायला उशीर झाला तर पाणी थेट काकूच्या धान्याच्या कणगीकडे जायचं, आणि मग भाकरीऐवजी दुसरंच काही थापलं गेलं असतं. तीन दिवसांत दोन प्रकरणं झाली. अकरा महिन्यांत झाली होती तीन.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. वीज आली, मोबाइल जागा झाला आणि पहिली टिंग केली, पत्रा झाला का? मी टमाटर फिरवून ठेवला, पेन धरला, भोकाकडे पाहिलं. भोकातून उन्हाचा कवडसा पडला होता. तो कणगीकडे जात नव्हता आणि काकू हाक मारत नव्हती. संध्याकाळपर्यंत एक ओळ झाली, तीही दुसऱ्या दिवशी खोडली.

परवा पत्रेवाला स्वतःहून आला. काकूनंच कोणाकडून तरी निरोप धाडला होता म्हणे. बहुधा तीच तिसरी गाठ. शिडी लावून वर चढला, भोक पाहिलं आणि म्हणाला, अर्ध्या तासाचं काम आहे, आत्ताच करून टाकतो. मी त्याला चहा पाजला आणि पोळा झाल्यावर यायला सांगितलं.

काकूला हे अजून माहीत नाही. पुस्तकाची सात प्रकरणं बाकी आहेत, आणि हवामान खात्यानं या आठवड्यात अमरावती जिल्ह्यात उघडीप सांगितली आहे.