रस्त्याचं भाडं भरतं कोण?

तिरोड्याच्या बाजारात दुकानासमोर सर्वांत आधी गाडी कोण लावतं? बहुतेक वेळा दुकानदारच. सकाळी शटर वर गेलं की लावलेली त्याची गाडी रात्री शटर पडेपर्यंत हलत नाही. आणि गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नाही, म्हणून धंदा बसला, हे गाऱ्हाणंही त्याचंच.

राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत मोठ्या मोटारीला अडीच बाय पाच मीटर जागा धरली आहे, दुचाकीला एक बाय दोन. एका मोटारीच्या जागेत सहा दुचाक्या मावतात. वडेगाव किंवा सुकडीहून एसटीनं औषधाला आलेली बाई तर यातली वीतभरही जागा अडवत नाही. तरी उभ्या गाड्यांना वळसा घालून, ट्रकला अंग चोरत तिनंच चालायचं. रस्ता तिच्याही पैशाचा आहे. मोटारवाल्याला फुकट मिळालेल्या जागेचं भाडं तीच भरते, रोज.

कोंडी झाली की पहिला हात पडतो ठेल्यांवर. हे मला मुळीच मान्य नाही. ठेलेवाल्याला २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं संरक्षण दिलंय. रस्त्यावर दिवसभर उभं राहण्याचा हक्क मोटारीला कुठल्या कायद्यानं दिला?

गाड्या कुठं लावायच्या, हे ठरवायची सोय मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ मध्ये आहे. राज्य सरकारनं किंवा त्यानं नेमलेल्या अधिकाऱ्यानं स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून जागा ठरवायच्या. म्हणजे नगरपरिषदेला बोलायला पूर्ण वाव आहे. तिनं बोलावं. सायकल आणि दुचाकीला पैसे नकोत. चारचाकीला पहिला अर्धा तास माफ, पुढं दर तासाला चढता दर. दुकानदारांनी आणि नोकरांनी गाड्या बाजाराबाहेर लावाव्यात, अपंगांसाठी दवाखान्याजवळची जागा राखावी. गोंदिया-नागपूरची गाडी पकडणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. त्यांची दुचाकी दिवसभर उभी राहणारच, तिला स्टेशनाजवळ सावली हवी.

वसुलीचा ठेका मात्र देऊ नये. ठेकेदाराला गाडी जितकी जास्त वेळ उभी, तितकी बरी. गावाला ती लवकर हललेली हवी. आलेला पैसा त्याच रस्त्याच्या पदपथावर आणि बायकांच्या स्वच्छतागृहावर खर्च व्हावा, हिशेब फलकावर लागावा. पैसे कुठं गेले हे दिसलं नाही, तर लोक का भरतील?

पुण्यानं २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं. विरोध होताच ते पाच रस्त्यांपुरतं उरलं. एवढ्या मोठ्या शहराला जे झेपलं नाही, ते तिरोड्याला झेपेल का? झेपेल, कारण इथं मोकळी जागा अजून शिल्लक आहे. तिच्यावर गाळे उठले की मग बोलण्यात अर्थ नाही. मुंडीकोट्यासारख्या गावांनीही चौक भरायच्या आत जागा आखून ठेवावी.

दिवाळीच्या सुमारास खरेदी केंद्रांपुढं धानाचे ट्रॅक्टर लागतात. नंबर लागेपर्यंत शेतकरी तिथंच ताटकळतो, मग पुढं चुकाऱ्याची वाट बघतो. त्याच्याकडून एक पैसाही घेऊ नये. रांगेसाठी मैदान, पाणी आणि दिवा द्यावा. नगरपरिषदेच्या सभेत हा विषय हंगामाआधी यायला हवा, आणि चारचाकीचा तासाचा दर त्याच सभेत ठरायला हवा.