फियाटची चैन

अहो, ऐकलंत का? आमच्या सोसायटीत तेलावरून अबोला चाललाय. शेंगदाण्याच्या नव्हे, करडईच्याही नव्हे. इंजिनच्या!

आग लागली आमच्याच घरातून, तेव्हा लपवून काय करू? यांची १९८८ची फियाट. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. पण घरात तिला पद्मिनी म्हटलेलं यांना खपत नाही. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा ती बातमी वाचून यांचे डोळे भरून आले. माझ्या माहेरच्या कुणासाठी कधी भरले होते ते आठवत नाही, असो. त्या दिवसापासून गाडीचे लाड सुरू झाले. एका संध्याकाळी कापडी पिशवीत काहीतरी दडवून आणताना मी यांना पकडलं. दिवाळी तोंडावर होती, मला वाटलं मिठाई असेल. निघाला डबा, ०डब्ल्यू-२०, फुल्ली सिंथेटिक! किंमत विचारली तर म्हणाले, "ऑफर होती." घरात फोडणीला मी तेल चमच्याने मोजते, आणि इथे ही चैन!

"डब्ल्यू म्हणजे वजन," हे मला समजावून सांगायला लागले. "जितकं हलकं, तितकं भारी." खाली मिस्त्री दुसऱ्या कुणाची गाडी बघत होते, त्यांनी कपाळाला हात लावला. "वहिनी, डब्ल्यू म्हणजे विंटर. थंडी! शून्यवालं तेल उणे ३५ अंशांतसुद्धा इंजिन फिरू देतं. सांगलीत कधी उणे ३५ झालंय का?" सांगलीत आम्ही स्वेटर काढतो तो नेप्थलीनचा वास घालवायला. २०डब्ल्यूसुद्धा उणे १५पर्यंत तग धरतं म्हणे, म्हणजे आमच्या सात पिढ्यांच्या थंडीला पुरून उरेल. आणि खरी गोम पुढच्या आकड्यात. १०० अंशांवर तापलेलं तेल किती दाट राहतं, ते तो आकडा सांगतो. नव्या इंजिनात फटी बारीक, तिथे २० चालतं. आमच्या म्हातारीचे बेअरिंग झिजलेले, तिला ४० लागतं, उन्हाळ्यात ५०. पण ऐकतंय कोण!

ओतलं. मिरजेला जाऊन आलो. येताना सिग्नलला थांबलो की डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा मिचकावायला लागे आणि टॅपेट असे वाजत, जणू बॉनेटखाली कुणी सुपारी कातरतंय. सकाळी पार्किंगमध्ये गाडीखाली काळी रांगोळी! दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला.

मग काय विचारता. सोसायटीतले आप्पा म्हणाले, सिंथेटिकने सील खाल्लं. शेजारचे बापू म्हणाले, खाल्लं नाही, गाडीला नजर लागली. मिस्त्रींचं म्हणणं तिसरंच. रबर पस्तीस वर्षांत कधीच कडक होऊन आकसलं होतं, त्या फटीत जुना गाळ बसून त्याचंच बूच झालं होतं. नव्या तेलातल्या डिटर्जंटने गाळ धुतला, आणि घराण्याची अब्रू ठिबकायला लागली. "सिंथेटिकशी माझं वैर नाही," म्हणाले, "ग्रेड बघून घाला एवढंच."

अजून एक प्रकरण आहे, कानात सांगते. जस्ताचं. इंजिनातला कॅम टॅपेटवर घासतो, तिथे जस्त आणि फॉस्फरसचं एक रसायन ढाल होऊन बसतं. नव्या पातळ तेलांत फॉस्फरस ०.०८ टक्क्याच्या वर चालत नाही, का, तर सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याने बिघडतो. कन्व्हर्टर! मुंबईतसुद्धा नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला १९९५च्या एप्रिलपासून. आमच्या फियाटला तो नाहीच. म्हणजे जो पाहुणा घरात आलाच नाही, त्याला बाधेल म्हणून हे घरच्या टॅपेटला उपाशी ठेवत होते! २०डब्ल्यू-५०सारख्या दाट तेलांना ती मर्यादा नाही, पण दाट तेलाच्या डब्यावर चंदेरी अक्षरं नसतात ना.

आप्पांचं तर त्याहून वाईट. त्यांना जुनी गाडी विकायची होती. गाडी निळा धूर मारायची, म्हणजे रिंगा गेलेल्या, तेल सरळ जळत होतं. आदल्या दिवशी त्यांनी इंजिनात असं काही चिकट ओतलं की गिऱ्हाईक येईपर्यंत धूर गायब, आवाज गायब. पाहुणे येणार म्हणून ओल आलेल्या भिंतीवर कॅलेंडर टांगतात ना, तसं. गिऱ्हाईक महिन्याभराने परत आलं. काय बोललं ते मी सांगणार नाही. जिन्यात मुलं होती.

शेवटी मिस्त्रींनी आमचं नवंकोरं तेल काढलं, फिल्टर बदलला, सील टाकलं आणि मुकाट्याने २०डब्ल्यू-४० भरलं. दिवा मिचकावायचा थांबला. काढलेलं तेल यांनी डब्यात भरून घरी आणलं, टाकवेना. आता सोसायटीच्या गेटच्या बिजागऱ्या, आमच्या बाथरूमची कडी, सगळं फुल्ली सिंथेटिक आहे. आणि काल रात्री साडेदहाला बेल वाजली. दारात बापू, हातात रिकामी बाटली. इकडे तिकडे बघत हळूच म्हणाले, "वहिनी, त्यातलं थोडं उरलंय का? आमच्या मारुती ८००ला करून बघतो. हिला सांगू नका."